तिचं आडनाव

फोटो पोस्टकार्डाएवढा होता, कडा नागमोडी कातरलेल्या. केसांत मोठी रिबन बांधलेली चार-पाच वर्षांची एक गोरी मुलगी एका काळ्या बाईंच्या मांडीवर बसलेली. बाईंच्या अंगावर खळ घातलेला पांढरा गणवेश. मुलीने एक हात मागे नेऊन त्यांचा कान धरला होता. झोप आली की लहान मुलं आईचा कान चोळत बसतात ना, तसा.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. साउथ कॅरोलायनातल्या कोलंबिया शहरात घरोघरी जाऊन, ऑपरेशन झालेल्या वयस्कर माणसांना पुन्हा चालतं करायचं हे माझं काम. गेल्या वर्षी एका आजींकडे आठवड्यातून दोनदा जात होते. वय ८४, खुब्याचं ऑपरेशन झालेलं. व्यायाम झाला की त्या मला थांबवून घेत, कपाटातलं काही ना काही दाखवत. त्या दिवशी हा फोटो निघाला. रिबनवाली मुलगी म्हणजे त्याच.

"ती आम्हाला घरच्यासारखी होती," त्या म्हणाल्या. म्हणाल्या इंग्रजीतच, पण माझ्या कानावर ते वाक्य सरळ मराठीत पडलं. जन्मभर ऐकत आले आहे मी ते.

मी फोटो उलटा केला. मागे त्यांच्या आईच्या वळणदार अक्षरात मुलीचं पूर्ण नाव, मधल्या नावासकट. त्याखाली जुलै १९४५. आणि त्याखाली 'आणि' असं लिहून त्या बाईंचं नुसतं पहिलं नाव.

"यांचं आडनाव काय होतं?"

आजी बोलायला गेल्या आणि थांबल्या. "अकरा वर्षं होती ती आमच्याकडे," त्या म्हणाल्या. मग पुन्हा, जरा हळू, "अकरा वर्षं." चष्मा काढून त्यांनी पदराने पुसावा तसा झग्याच्या टोकाने पुसला. आडनाव त्या विसरल्या नव्हत्या. ते त्यांना कधी माहीतच नव्हतं.

फोटोमागचं ते पहिलं नाव मी इथे लिहीत नाही. अर्धं नाव एकदा लिहून झालेलं आहे, मी पुन्हा तेच कशाला करू?

घरी परत येताना गाडीत मला माझ्या आजीचं मिरजेचं घर आठवत होतं. आमच्याकडे नेमकं उलटं होतं. नवी बाई कामाला ठेवायची म्हटलं की आजीचा पहिला प्रश्न, "आडनाव काय तुझं?" त्या उत्तरावरून पुढचं सगळं ठरायचं. ती नुसती धुणी-केर करणार की पाण्याला हात लावणार, स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडणार की नाही, आणि चहाचा कप फळीवर राहणार की मोरीच्या खिडकीत. आडनाव आधी विचारायचं ते जवळ करण्यासाठी नव्हे, अंतर मोजण्यासाठी. कोलंबियातल्या त्या घराला आडनावाची गरजच पडली नाही. रंग दारातूनच दिसत होता.

आणि हाक. मिरजेच्या त्या बाईंना मी 'मावशी' म्हणायचे. प्रेमानेच म्हणायचे. पण 'मावशी' म्हटलं की 'अहो' म्हणायचा प्रश्न येत नाही, सख्ख्या मावशीलाही आपण 'अगं'च म्हणतो. फरक इतकाच की सख्खी मावशी आली की तिला कोचावर बसवतो. अमेरिकेच्या दक्षिणेत गोरी माणसं वयस्कर काळ्या बाईला 'आंटी' म्हणत आणि काळ्या म्हाताऱ्याला 'अंकल', आणि त्यामागचं कारण मला इथे आल्यावर बऱ्याच वर्षांनी कळलं. 'मिसेस' आणि 'मिस्टर' हे शब्द तोंडातून काढावे लागू नयेत म्हणून. लग्न झालेल्या काळ्या बाईच्या नावाआधी 'मिसेस' छापायचं नाही, हा तिकडच्या अनेक वर्तमानपत्रांचाही रिवाज होता. पाच वर्षांच्या गोऱ्या मुलीला मात्र पन्नाशीची बाई 'मिस' लावून हाक मारी. आजींनाही तसंच. त्यांनी मला ती हाक म्हणून दाखवली, त्या बाईंच्या हेलात, आणि म्हणताना चेहरा उजळला.

हे 'मिस'-'मिसेस' म्हणजे किरकोळ गोष्ट वाटेल कुणाला. १९६३ साली अलाबामातल्या गॅड्सडेन गावी ती कोर्टात आली होती. मेरी हॅमिल्टन नावाची काळी कार्यकर्ती साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी होती. गोऱ्या साक्षीदारांना सरकारी वकील 'मिस', 'मिसेस' लावत होता, हिला नुसतं 'मेरी'. तिने सांगितलं, मला नीट हाक मारल्याशिवाय मी उत्तर देणार नाही. न्यायाधीशांनी हुकूम केला, तरी दिलं नाही. कोर्टाची बेअदबी म्हणून तिला पाच दिवसांची कैद आणि ५० डॉलर दंड झाला. प्रकरण थेट वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९६४ साली ती शिक्षा रद्द झाली. एका बाईला आडनावाने हाक मारावी की नाही, यावर देशातल्या सर्वांत मोठ्या कोर्टाला निकाल द्यावा लागला.

मला कोलंबियातल्या आजींच्या त्या घराबद्दल सांगायचं आहे, कारण मी ते आतून पाहिलं आहे. पुढे चार पांढरे खांब, रुंद ओसरी, तिच्यावर झोपाळा. त्या बाई या बाजूने अकरा वर्षांत एकदाही आत आल्या नाहीत. मागे तीन लाकडी पायऱ्या आणि जाळीचं दार, ते त्यांचं. गॅरेजच्या पाठीला लागून एक अरुंद खोली आहे, आता तिच्यात कुदळ-फावडं आणि खताच्या पिशव्या असतात. तिथे त्यांचा संडास होता. घरात दोन संडास असताना. पाणी प्यायला जॅम संपलेली काचेची बरणी, ती सिंकखालच्या कप्प्यात वेगळी ठेवलेली. जेवण स्वयंपाकघरातल्या टेबलावर, घरच्यांचं आटोपल्यावर, एकटीने.

पण कणीक त्याच हातांनी मळली जायची. इकडे बिस्किट म्हणजे आपलं चहात बुडवायचं बिस्किट नव्हे, लोण्यात मळलेला छोटा मऊ पाव असतो. त्या बाई रोज सकाळी तो करत. चिकन तळत, भेंडी-टोमॅटो शिजवत, आजारी मुलाला भरवत, त्याचं तोंड स्वतःच्या बोटांनी पुसत. इथे मी बराच काळ अडले होते. आमच्याकडे शिजवणाऱ्या हाताचीच जात बघत, त्यामुळे मला आधी वाटलं की हाही विटाळच, फक्त जरा सैल. तसं नाही ते. तिथे शिजवणारा हात चालत होता, शेजारी बसून जेवणारं तोंड चालत नव्हतं. आक्षेप स्पर्शाला नव्हता, बरोबरीला होता. एका टेबलावर दोन माणसं बसली की ती समान दिसतात, आणि तेवढंच होऊ द्यायचं नव्हतं.

कायद्यातसुद्धा हे लख्ख दिसतं. लुइझियाना राज्याने १८९० साली रेल्वेत गोऱ्यांचे आणि काळ्यांचे डबे वेगळे करणारा कायदा केला. याच कायद्यावरून, गोऱ्यांच्या डब्यात बसलेल्या होमर प्लेसीचा खटला झाला, आणि १८९६ साली सर्वोच्च न्यायालयाने 'वेगळे पण समान' म्हणून त्याच्यावर शिक्कामोर्तब केलं. पुढची जवळजवळ साठ वर्षं त्या निकालावर सगळी दक्षिण उभी होती. त्या कायद्यात एक अपवाद आहे. दुसऱ्या वंशाचं मूल सांभाळणाऱ्या आयांना हा नियम लागू नाही. म्हणजे गोरं मूल कडेवर असेल तर काळी बाई गोऱ्यांच्या डब्यात बसू शकते. मूल खाली उतरलं की तिनेही उतरायचं. काळ्यांना मनाई असलेल्या बागांतही हाच प्रकार, पांढरा गणवेश आणि ढकलगाडीतलं गोरं मूल बरोबर असलं की फाटक उघडं. स्वतःच्या पोराला घेऊन मात्र त्या बाकावर तिला बसता येत नसे.

तिला पोरं होती का? आजींना एक मुलगा आठवतो. कधीतरी शाळेला सुट्टी असली की मागच्या पायरीवर येऊन बसायचा, आईची वाट बघत. आत यायचा नाही. त्याचं नाव? तेही नाही आठवत. सकाळी सातला त्या बाई येत, रात्रीच्या जेवणाची भांडी आवरून जात. गुरुवारी दुपारनंतर सुट्टी, दक्षिणेतल्या बहुतेक घरांत तशीच पद्धत होती. त्या गुरुवारच्या अर्ध्या दिवसात त्यांचं स्वतःचं घर, धुणं, पोराचा अभ्यास, सगळं.

"माझी आई तिला कधी रिकाम्या हाताने पाठवायची नाही," आजी सांगत होत्या. उरलेलं चिकन, पाव, कधी जुने कपडे. खरं आहे ते. उरलंसुरलं भांड्यात घालून घरी न्यायच्या त्या पद्धतीला तिकडे स्वतंत्र नावच होतं, 'सर्व्हिस पॅन'. पण ते भांडं पगारातच धरलेलं असे. डब्यात अन्न मिळतंय ना, मग पैसे कमी. आणि कायद्याने हातच वर केलेले. १९३५ साली अमेरिकेत म्हातारपणाच्या पेन्शनचा कायदा झाला, त्यातून शेतमजूर आणि घरकाम करणारे वगळले. १९३८ साली किमान वेतन आणि कामाचे तास ठरले, त्यातूनही वगळले. दक्षिणेतल्या काळ्या बायका मुख्यतः याच दोन कामांत होत्या. नियमित घरकाम करणाऱ्यांना पेन्शनची दारं १९५० साली थोडी उघडली, किमान वेतन मिळायला १९७४ उजाडावं लागलं. फोटोतल्या बाईंच्या कामाची अकरा वर्षं किमान वेतनाची ती तारीख उजाडण्याच्या कितीतरी आधीच सरून गेली.

एक गोष्ट वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही. १९२३ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या सिनेटने एक ठराव मंजूर केला होता, राजधानी वॉशिंग्टनमध्ये दक्षिणेतल्या 'निष्ठावान मॅमीं'चं स्मारक उभारायला जागा देण्याचा. मॅमी म्हणजे गोऱ्यांची मुलं वाढवणारी काळी दाई. मागणी होती यादवी युद्धात हरलेल्या बाजूच्या सैनिकांच्या लेकी-नातींच्या संघटनेची. तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते, लिंचिंगविरोधी विधेयक याच सिनेटमध्ये दक्षिणेच्या सदस्यांनी अडवून मारून टाकलं होतं, त्याला. मॅमीच्या पोराला झाडाला टांगणाऱ्यांना शिक्षा नाही, मॅमीचा मात्र पुतळा. काळ्या बायकांच्या मंडळांनी आणि वर्तमानपत्रांनी इतका आवाज उठवला की खालच्या सभागृहात तो ठराव पुढे सरकलाच नाही. त्या पुतळ्यावर कोणाचं नाव येणार होतं? कोणाचंच नाही. नाव नसलेली बाई हवी होती त्यांना.

आजींना मी हे सांगितलं नाही. एका पायावर वजन कसं घ्यायचं ते शिकवताना कुठे हे सगळं बोलायचं. आणि त्या फोटोतला कान धरलेला हात खोटा नव्हता, हेही मला माहीत आहे. मी ते प्रेम नाकारत नाही. मला एवढंच दिसतं की त्या प्रेमाबद्दल बोलायची सगळी पाळी एकाच बाजूला आली. 'घरच्यासारखी' हा शब्द घरचेच वापरतात. तिला ते घर कसं वाटत होतं?

त्याचं उत्तर त्या घरात सापडत नाही, बाहेर रस्त्यावर सापडतं. बसमध्ये.

कोलंबियातल्या बस तेव्हा वीज कंपनी चालवत असे. २२ जून १९५४ ला सारा मे फ्लेमिंग नावाची विशीतली मुलगी अशाच एका बसमध्ये चढली. घरकाम करायची, कामावरच निघाली होती. एका रिकाम्या जागेवर बसली, ती गोऱ्यांच्या हद्दीत आहे म्हणून ड्रायव्हर ओरडला. ती उठून पुढच्या दाराने उतरायला गेली तर त्याने पोटात मारलं आणि मागच्या दाराने उतर म्हणाला. तिने कोर्टात दावा लावला. रिचमंडच्या अपील कोर्टाने जुलै १९५५ मध्ये निकाल दिला की बसमधली ही वेगळी बैठक घटनेत बसत नाही. अलाबामातल्या मॉन्टगोमेरी शहरात बसमधली जागा सोडायला नकार देणाऱ्या रोझा पार्क्सना अटक व्हायला अजून साडेचार महिने होते. नंतर ज्यूरीने फ्लेमिंगला भरपाई काही दिली नाही, आणि आज तिचं नाव या शहरातसुद्धा फार थोड्यांना ठाऊक आहे. मी कितीतरी जणांना विचारून पाहिलं. पण मॉन्टगोमेरीच्या बसचा खटला कोर्टात उभा राहिला तेव्हा तिच्या निकालाचा आधार घेतला गेला.

मॉन्टगोमेरीचा बसवरचा बहिष्कार आपण सगळे मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावाने ओळखतो. ५ डिसेंबर १९५५ पासून ३८१ दिवस. ते ३८१ दिवस रोज पहाटे पायी निघणाऱ्यांत स्वयंपाकिणी, दाया, धुणंभांडं करणाऱ्या बायका किती होत्या, हे सहसा सांगितलं जात नाही. बस रिकाम्या धावू लागल्या त्या मुख्यतः त्यांच्यामुळे. ज्या खटल्याने शेवटी मॉन्टगोमेरीच्या बसमधला भेद मोडला, त्यात फिर्यादी म्हणून चार स्त्रिया होत्या. त्यांतली मेरी लुईस स्मिथ १८ वर्षांची होती, गोऱ्यांच्या घरी काम करायची. तिला पकडलं त्या दिवशी ती राहिलेला पगार मागायला मालकिणीकडे गेली होती आणि घरी कोणी भेटलं नव्हतं.

यातली सर्वांत विलक्षण गोष्ट घडली ती घरांमध्ये. बाई पायी आली तर उशीर होतो, दमलेली असते, म्हणून गोऱ्या मालकिणी आपापल्या गाड्या काढून बाईला आणायला आणि सोडायला जाऊ लागल्या. महापौर गेल यांनी जाहीर विनंती केली की बायांना गाडीतून नेऊ नका, तुम्ही बहिष्काराला मदत करताय. मालकिणींनी ऐकलं नाही. महापौरांना एवढं वाटत असेल तर त्यांनीच येऊन स्वयंपाक आणि धुणं करावं, असं त्यांतल्या काही म्हणाल्या म्हणे.

रोझा पार्क्सना जामिनावर सोडवून आणायला गेलेल्यांमध्ये व्हर्जिनिया डर ही गोरी बाई होती. तिच्या आठवणींत एक प्रसंग आहे. नात्यातल्या एका घरी मालकीण कामवालीला विचारते, तुमच्या घरचं कोणी त्या बहिष्कारात नाही ना? ती म्हणते, छे हो बाईसाहेब, आमचे लोक अगदी लांब असतात, हे भांडण मिटेपर्यंत बसच्या जवळसुद्धा जाणार नाहीत. मालकीण खूश. नंतर व्हर्जिनियाने तिला विचारलं, अशी कशी गं थाप मारलीस? तर ती म्हणाली, सिंहाच्या तोंडात हात अडकलेला असेल तेव्हा त्याच्या डोक्यावरून हात फिरवत राहावं.

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटवून नुसती बसून राहिले होते. केवढी ती समज! त्या घरांतल्या लोकांना वाटत होतं, आपण बाईला आतून-बाहेरून ओळखतो. प्रत्यक्षात बाई घरातलं सगळं ओळखत होती. कोण किती पितो, कोणाचं कोणाशी पटत नाही, कोणाची उधारी कुठे आहे. घराला मात्र तिच्याबद्दल काहीच माहीत नव्हतं, आणि त्या माहीत नसण्याच्या आडोशाला ती आपलं आयुष्य सुरक्षित ठेवत होती.

जॉर्जिया गिलमोरने तर त्या आडोशालाच नाव दिलं. मॉन्टगोमेरीची ही धिप्पाड, सडेतोड बाई एका खानावळीत स्वयंपाकीण होती, सहा मुलांची आई. बहिष्कार सुरू झाला तसा तिने ओळखीच्या बायका जमवल्या. त्या आपापल्या घरी केक, सारण भरून भाजलेले गोड 'पाय', तळलेलं चिकन करून विकत. गिऱ्हाइकांत गोरेही असायचे. जमलेले पैसे सभेत, बहिष्कार पाळणाऱ्यांची ने-आण करणाऱ्या गाड्यांसाठी दिले जायचे. पैसे कुठून आले, असं कोणी विचारलं तर उत्तर एकच, कुठूनच नाही. मंडळाचं नावच तसं होतं, 'द क्लब फ्रॉम नोव्हेअर', कुठूनही-न-आलेल्यांचं मंडळ. नावं बाहेर पडली असती तर दुसऱ्या दिवशी नोकऱ्या गेल्या असत्या. गिलमोरने स्वतः मार्च १९५६ मध्ये किंग यांच्यावरच्या खटल्यात पूर्ण नावानिशी साक्ष दिली, आणि तिची नोकरी गेलीच. मग किंग यांच्या सांगण्यावरून तिने घरातच स्वयंपाक करून विकायला सुरुवात केली, आणि तिच्या टेबलावर चळवळीची कितीतरी खलबतं झाली. त्या टेबलावर गोरे आणि काळे शेजारी बसून जेवत. १९९० साली ती गेली तेव्हा सेल्मा-मॉन्टगोमेरी मोर्च्याच्या पंचविसाव्या वर्षाच्या कार्यक्रमासाठी जेवण करत होती. तेच जेवण ती गेल्यावर भेटायला आलेल्या लोकांना वाढलं गेलं.

आता एजफील्ड. कोलंबियाच्या पश्चिमेला गाडीने तासाभराच्या अंतरावर हे गाव आहे. तिथल्या थर्मंड वकिलांच्या घरी कॅरी बटलर नावाची काळी मुलगी कामाला होती. १९२५ च्या ऑक्टोबरात तिला मुलगी झाली तेव्हा तिचं वय १६. बाळाचा बाप म्हणजे त्या घरचा मुलगा स्ट्रॉम, वय २२. साउथ कॅरोलायनाच्या १८९५ च्या राज्यघटनेत गोऱ्या-काळ्यांच्या लग्नाला बंदी होती, आणि ते कलम मतदान घेऊन काढायला १९९८ साल यावं लागलं. पण लग्नाचा प्रश्न मनात तरी कोणाच्या आला असेल? सोळा वर्षांची मोलकरीण मालकाच्या मुलाला 'नाही' म्हणू शकते का, हा प्रश्न आधीचा आहे, आणि मला त्याच्या पलीकडे जाता येत नाही.

बाळाला पेनसिल्व्हेनियात मावशीकडे वाढवलं गेलं. एसी मे तिचं नाव. मावशीलाच आई समजत ती मोठी झाली. कॅरी आपली आई आहे हे तिला कळलं तेव्हा ती १३ वर्षांची होती. १९४१ साली कॅरी तिला घेऊन एजफील्डला आली, एका वकिलाच्या कचेरीत, आणि तिथे तिला कळलं की आपला बाप गोरा आहे.

तो बाप पुढे राज्याचा गव्हर्नर झाला. १९४८ साली वंशभेद टिकवण्याच्या मुद्द्यावर वेगळा पक्ष काढून राष्ट्राध्यक्षपदासाठी उभा राहिला आणि चार राज्यं जिंकली. त्याच वर्षी कॅरी बटलर वारली, चाळिशीही न गाठता. १९५७ साली सिनेटमध्ये नागरी हक्कांच्या विधेयकाविरुद्ध तो सलग २४ तास १८ मिनिटं बोलला. आणि या सगळ्या काळात मुलीला भेटत होता, पैसे देत होता, तिच्या कॉलेजात जाऊन तिची विचारपूस करत होता. दार बंद करून. तो शंभर वर्षांचा होऊन २००३ च्या जूनमध्ये गेला. डिसेंबरात एसी मे वॉशिंग्टन-विल्यम्स, ७८ वर्षांची निवृत्त शिक्षिका, याच कोलंबियात वार्ताहरांसमोर उभी राहिली आणि तिने आपल्या बापाचं नाव सांगितलं. आता मी पूर्ण मोकळी झाले, असं ती म्हणाली.

विधानभवनाच्या आवारात थर्मंडचा पुतळा आहे, चालत निघाल्यासारखा. मी फोटोच्या त्या दुपारनंतरच्या रविवारी मुद्दाम गेले. चौथऱ्यावर मुलांची नावं कोरली आहेत. मूळ मजकुरात चार मुलांचा बाप असं होतं. २००४ साली ते चाराचं पाच केलं आणि खाली एसी मेचं नाव घातलं. दगडात खाडाखोड लपत नाही. मी त्या शब्दावरून बोट फिरवलं, तिथे दगड जरा खोलगट लागतो. चौथऱ्याला चारी बाजूंनी फिरून आले. कॅरी बटलरचं नाव कुठेच नाही.

पुढच्या भेटीत आजी वॉकर सोडून काठीवर चालल्या, पहिल्यांदाच. खुर्चीत बसता बसता म्हणाल्या, "तिचं आडनाव कसं शोधायचं गं?" मधले सगळे दिवस त्यांच्याही डोक्यात तेच घोळत होतं.

त्यांना एकच दुवा आठवत होता. एकदा मुसळधार पावसात वडील त्या बाईंना गाडीने सोडायला गेले होते, मागच्या सीटवर छोट्या आजीही होत्या. कच्चा रस्ता, कोपऱ्यावर विटांचं चर्च. चर्चचं नाव त्यांना आठवत होतं. शहराच्या वाचनालयात स्थानिक इतिहासाची खोली आहे, तिथे जुन्या डिरेक्टऱ्या असतात. वर्षावार, शहरातल्या प्रत्येक घरमालकाचं आणि भाडेकरूचं नाव, धंदा, पत्ता. तेव्हाच्या डिरेक्टऱ्यांत काळ्या माणसाच्या नावापुढे बारीक 'सी' छापलेला असे, 'कलर्ड'चा. नवऱ्याच्या नावापुढे कंसात बायकोचं पहिलं नाव.

आम्ही दोघी लांब टेबलाशी बसलो. आजींची काठी खुर्चीच्या पाठीला अडकवलेली. आधी मागच्या भागातून तो रस्ता काढला, मग त्यावरच्या एकेका घराचं नाव पुढच्या भागात शोधत गेलो. भिंग मी धरत होते, बोट त्यांचं. दीड तास गेला. त्या एका रस्त्यावर ते पहिलं नाव तीनदा निघालं. दोनदा कंसात, नवऱ्याच्या मागे. एकदा स्वतंत्र, पुढे 'मोलकरीण' असा धंदा. तिन्ही पुढे तो 'सी'.

यातल्या त्या कोणत्या, हे कळायला मार्ग नव्हता. तिन्ही आडनावं मी इथे देत नाही. त्यांची नातवंडं-पतवंडं याच शहरात असतील.

आजींनी पहिल्या नावावर बोट ठेवलं. ओठ हलले, आवाज फुटला नाही. मग त्यांनी 'मिसेस' म्हटलं आणि आडनाव वाचलं. बोट खाली सरकवलं, पुन्हा 'मिसेस' आणि दुसरं आडनाव. मग तिसरं. शेजारच्या टेबलावरच्या मुलाने मान वर करून बघितलं.

१९५० च्या जनगणनेची पानं आता कोणालाही बघता येतात, ती बाकी होती. त्यांनी पर्समधून डायरी काढली.

"गुरुवारी येशील?" त्यांनी विचारलं.